पंच-आउट!! : मायनर सर्किटपासून माइक टायसनपर्यंतचा सविस्तर मार्गदर्शक

निन्टेंडो एंटरटेनमेंट सिस्टिम (एनईएस) या टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावर १९८७ साली आलेला ‘माइक टायसन्स पंच-आउट!!’ दिसायला मुष्टियुद्धाचा खेळ आहे. पण त्यात भराभर बटणे दाबणारा खेळाडू फार तर तिसऱ्या लढतीपर्यंत टिकतो. पुढे जाण्यासाठी समोरच्याच्या भुवया, डोळे, पावले आणि फेट्यावरचा खडासुद्धा वाचता यावा लागतो. प्रत्येक प्रतिस्पर्धी ठोसा मारण्याआधी काहीतरी खूण देतोच, आणि ती ओळखता आली की अर्धी लढत जिंकल्यासारखी असते. शिवाय लढतींचा क्रम असा लावला आहे की एका प्रतिस्पर्ध्याने शिकवलेला धडा पुढचा प्रतिस्पर्धी अधिक कठोरपणे तपासतो. म्हणून या मार्गदर्शकात केवळ ‘हे बटण दाबा’ असे न सांगता, प्रत्येक लढतीतून नेमके काय शिकून पुढे जायचे यावर भर दिला आहे.

खेळाची पार्श्वभूमी आणि खेळण्याची सोय

या खेळाचे मूळ १९८४ च्या आर्केड यंत्रात, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रात आहे. तेथे खेळाडूचा मुष्टियोद्धा हिरव्या रेषांच्या आरपार दिसणाऱ्या आकृतीने दाखवला होता. घरगुती यंत्राला ते चित्रण झेपणारे नव्हते, तेव्हा गेन्यो ताकेदा यांच्या चमूने वेगळी युक्ती केली: नायकालाच लहान केले, म्हणजे त्याच्या डोक्यावरून प्रतिस्पर्धी पूर्ण दिसतो. ब्राँक्सचा सतरा वर्षांचा, १०७ पौंडांचा, म्हणजे साधारण साडेअठ्ठेचाळीस किलोंचा लिटल मॅक असा जन्माला आला. पडदा व्यापणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांच्या मोठ्या आकृत्या हलवण्यासाठी कार्ट्रिजमध्ये एमएमसी२ ही खास चिप बसवलेली होती. तांत्रिक मर्यादेतून निघालेल्या या उपायाने खेळाचा स्वभावच ठरला, कारण समोरच्याचा चेहरा मोठा दिसतो म्हणूनच त्यावरची बारीक हालचाल टिपता येते.

टायसनच्या नावाचा करार संपल्यावर १९९० मध्ये त्याच्या जागी ‘मिस्टर ड्रीम’ नावाचा काल्पनिक योद्धा घालून खेळ पुन्हा बाजारात आणला गेला. दोघांच्या चेहऱ्यात आणि वर्णात फरक आहे, पण लढण्याची पद्धत तीच आहे. त्यामुळे येथे टायसनबद्दल लिहिलेले सर्व मिस्टर ड्रीमलाही लागू पडते. आज हा खेळ निन्टेंडो स्विच ऑनलाइन या सदस्यत्व सेवेच्या जुन्या खेळांच्या संग्रहात मिस्टर ड्रीमच्या आवृत्तीत मिळतो आणि २०१६ च्या एनईएस क्लासिक एडिशन या छोट्या यंत्रातही तीच आवृत्ती आहे.

सुरुवात करण्यापूर्वी टीव्हीची एक सेटिंग अवश्य तपासावी. हा खेळ जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीसाठी बनला होता आणि त्यावर बटण दाबल्याचा परिणाम तत्काळ दिसत असे. आजचे सपाट टीव्ही चित्र सुधारण्यासाठी थोडा वेळ घेतात आणि तेवढ्या विलंबाने शेवटच्या लढती विनाकारण अवघड होऊन बसतात. म्हणून टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू करावा आणि शक्य असेल तर तारेचा कंट्रोलर वापरावा. पहिल्या तीन-चार लढतींत हा फरक जाणवणार नाही; शेवटच्या टप्प्यातील मिस्टर सँडमनसमोर मात्र तो निर्णायक ठरतो.

बटणे, हृदये आणि तारे

बी बटणाने डावा आणि ए बटणाने उजवा ठोसा पोटावर बसतो. वरची दिशा दाबून तेच बटण दाबले की ठोसा तोंडावर जातो. डावी किंवा उजवी दिशा दाबली की मॅक त्या बाजूला झुकून वार चुकवतो, खालची दिशा दाबली की हात वर घेऊन ठोसा अडवतो आणि खालची दिशा झटकन दोनदा दाबली की खाली वाकतो. वाकण्याचा उपयोग सुरुवातीला फारसा होत नाही, म्हणून बहुतेक जण ती हालचाल विसरून जातात. पण शेवटच्या टप्प्यातील सुपर माचो मॅनसमोर तिच्यावाचून निभाव लागत नाही, तेव्हा ती पहिल्या लढतीपासूनच बोटांना लावून घ्यावी.

ठोसा कुठे मारावा याचा साधा नियम असा की प्रतिस्पर्ध्याचे हात तोंडाशी असतील तर पोटावर आणि हात खाली असतील तर तोंडावर मारावा. वार चुकवल्यानंतर प्रतिस्पर्ध्याचा तोल क्षणभर जातो, आणि खरी संधी असते ती तेव्हाच. त्या क्षणात किती ठोसे बसतात हे प्रत्येकाच्या बाबतीत वेगळे असते. एखादा ठोसा अडवला गेला की लगेच थांबून पुन्हा बचावाकडे वळावे.

पडद्याच्या वरच्या भागात दिसणाऱ्या हृदयांच्या आकड्याकडे सतत लक्ष हवे. आपला ठोसा अडवला गेला, किंवा आपल्याला मार बसला, की हृदये कमी होतात. ती शून्यावर आली की मॅक गुलाबी पडतो आणि ठोसा मारूच शकत नाही. अशा वेळी घाबरून बटणे दाबण्यात अर्थ नसतो. काही वार शांतपणे चुकवले की हृदये परत मिळतात आणि मॅक सावरतो. नवखे खेळाडू हरतात ते बहुधा याच टप्प्यावर.

ताऱ्यांचे गणित वेगळे आहे. प्रतिस्पर्धी वार करण्याच्या बेतात असताना ऐन क्षणी त्याला ठोसा बसला की तारा मिळतो. असे तीन तारे साठवता येतात, आणि स्टार्ट बटण दाबले की एक तारा खर्च होऊन जबरदस्त अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा ठोसा बसतो. मार बसला की ताऱ्यांवर पाणी सोडावे लागते, म्हणून ते शेवटपर्यंत जपून ठेवण्याचा लोभ धरू नये. मात्र उत्तरार्धातले काही प्रतिस्पर्धी हा अपरकट चुकवतात. त्यांच्यासमोर तो हवेत न मारता, त्यांचा तोल गेलेला असतानाच वापरावा.

मॅक खाली पडला की ए आणि बी दोन्ही बटणे भराभर दाबून त्याला उठवायचे असते. एका फेरीत कोणीही तीनदा पडला की लढत तेथेच संपते. दोन फेऱ्यांच्या मधल्या विश्रांतीत प्रशिक्षक डॉक लुइस बोलत असताना सिलेक्ट बटण दाबले तर थोडी ताकद परत मिळते. ही सवलत एका लढतीत एकदाच चालते, म्हणून पहिल्या फेरीनंतर फारसा मार बसलेला नसेल तर ती दुसऱ्या फेरीनंतरसाठी राखून ठेवावी.

कारकिर्दीचा हिशेब

कारकिर्दीचे तीन टप्पे आहेत: मायनर, मेजर आणि वर्ल्ड सर्किट. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी किताबाची लढत असते. एखाद्याकडून पहिल्यांदा हरलो तर पुन्हा लढण्याची संधी मिळते. फेरलढतही गमावली तर क्रमवारीत घसरण होते आणि आधी हरवलेल्याशी पुन्हा लढावे लागते. मेजर किंवा वर्ल्ड सर्किटच्या किताबाची लढत गमावली तर मात्र दोन स्थाने खाली जावे लागते. एकूण तीन पराभव झाले की खेळ संपतो.

किताब जिंकल्यावर सायकलवर डॉक आणि धावणारा मॅक असे दृश्य येते आणि दहा अंकी संकेतांक दाखवला जातो. पुढच्या वेळी तेथूनच खेळ सुरू करता यावा म्हणून तो कागदावर लिहून ठेवावा. आधुनिक यंत्रांवर खेळ मध्येच जतन करता येतो, स्विचवर तर तो मागेही नेता येतो. सरावासाठी या सोयी वापरण्यात काही गैर नाही, उलट एकच वार वारंवार पाहून त्याची खूण पक्की करायला त्या उत्तम आहेत. पण प्रत्येक चुकीनंतर खेळ मागे नेत कारकीर्द पूर्ण केली, तर हाताला वेळ साधण्याची सवय लागत नाही आणि शेवटच्या लढतीत ती उणीव उघडी पडते.

मायनर सर्किट : खुणा ओळखण्याची शाळा

पॅरिसचा ग्लास जो एका विजयाच्या आणि नव्व्याण्णव पराभवांच्या नोंदीसह उभा राहतो. त्याला हरवणे सोपे आहे, म्हणूनच येथे घाई करू नये. त्याचा प्रत्येक ठोसा मुद्दाम येऊ द्यावा, चुकवावा आणि मगच उत्तर द्यावे. एका क्षणी तो मागे सरकून खिजवतो आणि मग पुढे येतो. तो पुढे येत असताना तोंडावर बरोबर वेळेत ठोसा बसला तर तो एका फटक्यात आडवा होतो. वार येण्याआधीच वार करण्याचा हा पहिला धडा आहे.

बर्लिनचा फॉन कायझर ठोसा मारण्याआधी डोके हलवतो. ही खूण इतकी ठळक आहे की तिच्यावर नजर बसवण्याचा सराव करण्यासाठी याहून चांगला प्रतिस्पर्धी नाही. तोक्योचा पिस्टन होंडा याच सर्किटचा विजेता आहे आणि त्याची खूण बारीक आहे: वार करण्याआधी त्याच्या भुवया उडतात. मध्येच तो मागे जाऊन ठोशांची सरबत्ती करतो. तेव्हा प्रत्युत्तराच्या मोहात न पडता आधी बचाव करावा. रिंगमध्ये पंच म्हणून उभा असलेला मिशीवाला मारिओच आहे, हे बऱ्याच जणांच्या फार उशिरा लक्षात येते, कारण तोवर नजर होंडाच्या भुवयांवर खिळलेली असते, आणि ती तेथेच असायला हवी.

मेजर सर्किट : प्रत्येकाचे स्वतंत्र कुलूप

माद्रिदचा डॉन फ्लामेंको आपणहून वार करायला फारसा पुढे येत नाही. एक ठोसा मारून त्याला डिवचावे, त्याचा अपरकट चुकवावा आणि मग तोंडावर एक डावा, एक उजवा असे ठोसे आलटून पालटून मारत राहावे. लय न मोडता हे जमले तर त्याला सावरायला वावच मिळत नाही. येथे वेगापेक्षा समान अंतर महत्त्वाचे आहे. घाईघाईने दोन ठोसे एकामागोमाग डावेच गेले की साखळी तुटते.

किंग हिप्पो हा अवाढव्य प्रतिस्पर्धी असून त्याच्या वजनाच्या जागी प्रश्नचिन्हे छापलेली आहेत. त्याच्यावर साधे ठोसे चालत नाहीत. तो हात उगारून तोंड उघडतो तेवढ्याच क्षणी तोंडावर ठोसा मारावा. मग त्याची चड्डी घसरते, ती सावरण्यासाठी त्याचे हात खाली जातात आणि पोटावरची पट्टी उघडी पडते. तेथे जितके ठोसे बसतील तितके मारावेत आणि पुन्हा तोंड उघडण्याची वाट पाहावी. एकदा पडला की तो उठत नाही, त्यामुळे या लढतीत धीर सोडला नाही तर विजय निश्चित असतो.

त्यानंतर येतो ग्रेट टायगर, आणि पडद्यावर त्याच्या नावाखाली ‘बॉम्बे, इंडिया’ असे लिहिलेले असते. चोवीस विजय आणि पाच पराभव अशी त्याची नोंद आहे. डोक्याला फेटा, फेट्यावर खडा आणि अंगी जादू, असे हे आपल्या मुंबईचे चित्र जपानी चित्रकारांनी ऐकीव कल्पनांवरून काढलेले आहे; मुंबईच्या एकाही आखाड्यात असा माणूस सापडणार नाही, आणि खेळातील इतर देशांचे योद्धेही अशाच साचेबद्ध रूपात दाखवले आहेत, हा या खेळाचा दोष मान्यच करायला हवा. तरीही लढत म्हणून पाहिले तर ग्रेट टायगरची रचना साऱ्या मेजर सर्किटमध्ये सर्वांत नेटकी आहे, आणि मराठी खेळाडूने तिच्याकडे विशेष आस्थेने पाहावे असे मला मनापासून वाटते.

त्याच्या जॅबच्या, म्हणजे झटकन मारलेल्या सरळ ठोशाच्या आधी फेट्यावरचा खडा चमकतो. तेव्हा त्याच्या हातांकडे पाहूच नये. नजर खड्यावर ठेवावी, तो चमकला की बाजूला झुकावे आणि लगेच तोंडावर मारावे. पुढे तो मागे जातो, गरगर फिरू लागतो आणि रिंगभर अदृश्य-दृश्य होत एकामागून एक पाच ठोसे मारतो. प्रत्येक ठोसा झुकून चुकवण्याचा प्रयत्न केला तर दुसऱ्या-तिसऱ्यालाच गोंधळ उडतो. त्यापेक्षा तो जवळ येईल तसतशी खालची दिशा दाबून पाचही ठोसे अडवावेत. बटण सतत धरून ठेवू नये, प्रत्येक ठोशासाठी नव्याने दाबावे. पाचवा ठोसा अडवला गेला की त्याला भोवळ येते, आणि त्या अवस्थेत कोणताही एक ठोसा बसला तरी तो खाली पडतो. म्हणजे त्याचे सर्वांत भयंकर दिसणारे अस्त्रच त्याला पाडण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

इस्तंबूलचा बाल्ड बुल हा या सर्किटचा विजेता. तो मागच्या दोरापर्यंत जातो आणि बैलासारखा उड्या मारत अंगावर येतो. तो धक्का बसला की मॅक थेट जमिनीवर. मात्र तिसऱ्या उडीच्या वेळी, तो वार करण्याच्या आतच पोटावर ठोसा बसला, तर तोच एका फटक्यात कोसळतो. ही वेळ साधणे हा खेळातील पहिला खरा अडथळा आहे. ‘एक, दोन’ असे मनात मोजत बोट बटणावर ठेवावे आणि तिसऱ्या उडीला दाबावे. पडद्याच्या उजव्या बाजूला प्रेक्षकांत कॅमेऱ्याचा फ्लॅश उडतो, तोच ठोशाचा नेमका क्षण असल्याचे खेळ बनवणाऱ्यांनी २००९ मध्ये एका मुलाखतीत उघड केले. बावीस वर्षे हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर असलेली ही खूण बहुतेकांनी सजावट समजून सोडून दिली होती. ज्यांना उड्या मोजणे जमत नाही, त्यांनी फ्लॅशवर नजर ठेवून पाहावे. काहींना हीच पद्धत अधिक जमते.

वर्ल्ड सर्किट : जुने धडे, वाढलेला वेग

या सर्किटमध्ये पिस्टन होंडा, बाल्ड बुल आणि डॉन फ्लामेंको परत येतात, म्हणून आधीच्या लढती नशिबाने जिंकलेल्या असतील तर ते येथे उघड होते. होंडा आता अधिक वेगाने वार करतो. त्याच्या धावून येण्याच्या वेळी प्रेक्षकांतला एक दाढीवाला माणूस नेमक्या क्षणी हालचाल करतो आणि तो ठोशाचा इशारा असतो, हे खेळाडूंच्या लक्षात यायला २०१६ साल उजाडले.

मॉस्कोचा सोडा पोपिन्स्की हा आर्केडमधील व्होडका ड्रंकेन्स्कीच असून लहान मुलांच्या खेळात दारू नको म्हणून त्याच्या हाती सोड्याची बाटली दिली गेली. त्याचे वार झपाट्याने येतात, पण त्यांत नवे डावपेच नाहीत. चुकवणे आणि लगेच मारणे एवढेच शिस्तीने करावे.

बाल्ड बुलची दुसरी लढत मात्र नीट समजून घेतली पाहिजे. येथे साध्या ठोशांनी त्याची ताकद संपली तरी तो पडत नाही. त्याला पाडण्याचे दोनच मार्ग आहेत: ताऱ्याचा अपरकट, किंवा धावून येताना पोटात बरोबर वेळेत बसलेला ठोसा. हे ठाऊक नसलेला खेळाडू फेरीभर मारत राहतो आणि दमून जातो. म्हणून येथे प्रत्येक तारा पाडण्यासाठीच राखावा. डॉन फ्लामेंकोवर आता जुनी डावी-उजवी साखळी चालत नाही. त्याचे हात कुठे आहेत ते पाहून, संधी मिळेल तशी पोटावर मारत पुढे जावे.

फिलाडेल्फियाचा मिस्टर सँडमन सलग तीन अपरकट मारतो. पहिला चुकवल्यावर मारायला जाऊ नये. तिन्ही चुकवावेत, मगच उत्तर द्यावे. प्रत्येक वेळी मॅक मध्यभागी परत आल्यावरच पुढची दिशा दाबावी, नाहीतर दुसरा वार नक्की बसतो. हॉलिवूडचा सुपर माचो मॅन अजिंक्य नोंद घेऊन येतो. तो गोल फिरून हात फेकतो, आणि कधी सलग अनेकदा. या फिरत्या वाराखाली मॅक उभा सापडला तर एकाच फटक्यात पडतो, म्हणून खालची दिशा दोनदा दाबून वाकणे हाच उपाय आहे. किती वेळा फिरेल याचा अंदाज बांधत बसू नये. तो थांबेपर्यंत एकसारख्या लयीत वाकत राहावे.

माइक टायसन

टायसन २२ नोव्हेंबर १९८६ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, ट्रेव्हर बर्बिकला हरवून हेवीवेट गटाचा सर्वांत तरुण विश्वविजेता झाला होता. पुढल्याच वर्षी आलेल्या या खेळात त्याच्या ठोशांची दहशत होती तशीच उतरली आहे. पहिल्या फेरीची पहिली दीड मिनिटे तो केवळ अपरकट मारतो आणि त्यांतला कोणताही बसला की मॅक आडवा होतो. खेळातले घड्याळ खऱ्या घड्याळापेक्षा वेगाने धावते ही येथे मोठी सोय आहे. या लढतीत पराभव झाला की फेरलढत नाही. पण ००७-३७३-५९६३ हा संकेतांक टाकला की थेट याच लढतीवर येता येते, त्यामुळे सराव कितीही करता येतो.

सरावाचा क्रम असा ठेवावा. आधी काही लढती केवळ चुकवण्यासाठी खेळाव्यात आणि त्या दीड मिनिटांत एकही ठोसा मारू नये. त्याच्या खांद्यांची पहिली हालचाल दिसताच बाजूला झुकता येऊ लागले की मग प्रत्येक अपरकटनंतर एकच ठोसा तोंडावर मारायला सुरुवात करावी. दुसऱ्या ठोशाची हाव येथे महागात पडते. दीड मिनिटानंतर तो हूक, म्हणजे बाजूने वळवून मारलेले ठोसे मारू लागतो. ते जलद येतात, पण त्यांनी मॅक एका फटक्यात पडत नाही, आणि त्याआधी टायसनचे डोळे मिचकतात. होंडाच्या भुवयांपासून लावलेली चेहऱ्यावर नजर ठेवण्याची सवय येथे कामी येते. दुसऱ्या फेरीत एका टप्प्यावर तो स्तब्ध उभा राहून डोळे मिचकावतो आणि मग हूकची झोड उठवतो; त्या वेळी मारण्याचा विचार सोडून संपूर्ण झोड संपेपर्यंत चुकवत राहावे. सिलेक्टची सवलत या फेरीनंतर वापरावी. तिसऱ्या फेरीत ताकद शिल्लक असेल आणि एखादा तारा हाती असेल, तर हूक चुकवल्यानंतर त्याचा तोल गेलेला असताना स्टार्ट दाबावे.